घड्याळजीची वाकडी नळी



घरातल्या वॉशबेसिनखाली जरा वाकून बघा. बेसिनमधून निघालेली नळी सरळ भिंतीत जात नाही. ती आधी खाली येते, मग वर वळते आणि त्यानंतरच भिंतीत किंवा जमिनीत शिरते. त्या वळणात कायम वाटीभर पाणी साचलेलं असतं. कमोडमध्येही असंच वळण असतं, फक्त ते चिनी मातीच्या आत लपलेलं असतं. आणि बाथरूमच्या जाळीखाली बसवतात तो ‘नहाणी ट्रॅप’. हा शब्द आपल्या न्हाणीवरूनच आलाय, आणि भारतातल्या बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही तो असाच छापतात.

तिघांचं काम एकच: सांडपाणी जाऊ द्यायचं, पण गटारातला वास घरात येऊ द्यायचा नाही.

संडासासाठी असं वळण असलेलं पेटंट १७७५ साली लंडनमध्ये नोंदवलं गेलं. फ्लशच्या संडासाला इंग्लंडमध्ये मिळालेलं हे पहिलं पेटंट. ते घेणारा माणूस प्लंबर नव्हता, गवंडीही नव्हता. तो बाँड स्ट्रीटवर दुकान असलेला एक स्कॉटिश घड्याळजी होता. त्याचं नाव अलेक्झांडर कमिंग.

माझा पीएचडीचा विषय १८व्या शतकातली मोजमापाची उपकरणं हा आहे. त्यामुळे कमिंग मला पहिल्यांदा भेटला तो संडासात नाही, तर राजवाड्यात. त्यानं राजासाठी केलेलं एक विलक्षण घड्याळ आणि ही वाकडी नळी या दोन वस्तू शेजारी ठेवून बघितल्या, तर शोधांच्या इतिहासाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कळते. आजची पोस्ट त्याबद्दल.

घड्याळजी म्हणजे नेमकं कोण?

घड्याळजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो डोळ्याला भिंग लावून, छोट्या टपरीत बसून सेल बदलून देणारा माणूस. १८व्या शतकातल्या घड्याळजीचं चित्र वेगळं होतं. दातेरी चाकं अचूक कापणं, स्प्रिंगला पाणी देणं, घर्षण कमी करणं, गरम-थंडीनं धातू किती वाढतो-आकसतो याचा हिशेब ठेवणं, ही सगळी कामं तेव्हा त्याच्याकडे असायची. आज ज्याला आपण प्रिसिजन इंजिनिअरिंग म्हणतो, ते त्या काळात बऱ्याच अंशी घड्याळजी आणि दुर्बिणी-मोजपट्ट्या बनवणाऱ्या कारागिरांच्या हातात होतं. ‘इंजिनिअर’ हा वेगळा पेशा अजून नीट उभा राहायचा होता.

कमिंगचा जन्म १७३०च्या दशकाच्या सुरुवातीचा, स्कॉटलंडमधला. १७५०च्या दशकात तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या इनव्हररी इथे आर्गाइलचा तिसरा ड्यूक आर्चिबाल्ड कॅम्पबेल याच्यासाठी काम करत होता. घड्याळाबरोबरच तो ऑर्गनवरही काम करायचा. ऑर्गन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं प्रचंड वाद्य: भाते, झडपा, नळ्या. हे लक्षात ठेवा, कारण हवा, झडपा आणि नळ्या या तीन गोष्टींनी या माणसाचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही.

मग तो लंडनला कसा पोचला? इथे त्या काळातल्या ओळखीपाळखीचं राजकारण समजून घ्यावं लागतं. १७०७मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचं एकत्र राज्य झालं आणि हुशार स्कॉटिश माणसांची पावलं लंडनकडे वळू लागली. आर्गाइलचा हा ड्यूक म्हणजे लॉर्ड ब्यूटचा मामा. ब्यूट हा राजपुत्र जॉर्जचा शिक्षक होता. १७६०मध्ये तो राजपुत्र तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर आला आणि १७६२मध्ये ब्यूट पंतप्रधान झाला. ब्यूटला विज्ञानाची आणि उपकरणांची आवड, राजालाही तीच. म्हणजे मामाकडचा कारागीर भाच्याकडे आणि भाच्याकडून राजाकडे, अशी वाट तयारच होती. कमिंगचं कौशल्य खरंच होतं, त्यात वाद नाही. पण नुसत्या कौशल्यावर इनव्हररीहून राजवाड्यापर्यंत जाता येत नव्हतं, हेही तितकंच खरं.

१७६३पर्यंत लंडनमध्ये त्याचा जम बसला होता. त्याच वर्षी त्याला एक मोठा मान मिळाला. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी जॉन हॅरिसननं घड्याळ बनवलं होतं. बक्षिसाचा निर्णय करायचा तर त्या घड्याळाची रचना हॅरिसननं तज्ज्ञांना उलगडून दाखवणं गरजेचं होतं. त्यासाठी संसदेच्या कायद्यानं जी मंडळी नेमली, त्यांत लॉर्ड लोक होते, गणिती होते, आणि काही घड्याळजी होते. त्यांतला एक कमिंग. अटींवरून हॅरिसनचं आणि मंडळाचं बिनसलं आणि ते उलगडणं तेव्हा झालंच नाही. दोन वर्षांनी वेगळ्या मंडळींसमोर झालं. पण तिशीतल्या कमिंगचं नाव त्या यादीत असणं हे त्याच्या पतीचं प्रमाणपत्रच होतं.

राजाचं घड्याळ

१७६५मध्ये कमिंगनं तिसऱ्या जॉर्जला एक घड्याळ करून दिलं. ते वेळ तर सांगायचंच, पण त्याबरोबर हवेचा दाब वर्षभर स्वतःच कागदावर नोंदवत राहायचं. अशा उपकरणाला आज बॅरोग्राफ म्हणतात.

कल्पना नवी नव्हती. रॉबर्ट हूकनं सुमारे शंभर वर्षं आधी हवामानाची आपोआप नोंद करणारं यंत्र केलं होतं. ते टिकलं नाही. अडचण कुठे होती ते बघू.

वाकडी काचेची नळी घ्या, यू आकाराची. एक टोक बंद, एक उघडं. आत पारा. बंद टोकाच्या बाजूला पाऱ्याच्या वर पोकळी असते आणि उघड्या बाजूनं हवा पाऱ्यावर दाब देते. दाब वाढला की उघड्या बाजूचा पारा खाली आणि बंद बाजूचा वर. उघड्या बाजूच्या पाऱ्यावर एक तरंगता तुकडा ठेवला की तो पाऱ्याबरोबर वर-खाली होतो. त्याला पेन्सिल जोडली की झाला बॅरोग्राफ. कागदावर सोपं वाटतं ना?

आता आकडे बघा. दोन्ही बाजूंची रुंदी सारखी असेल, तर पाऱ्याच्या उंचीत एक इंच फरक पडला की उघड्या बाजूची पातळी फक्त अर्धा इंच हलते. लंडनच्या हवेत एक इंचाचा बदल हा काही तासांत होणारा बदल नव्हे. तो बहुधा दिवसांच्या हिशेबानं होतो. म्हणजे पेन्सिल हलणार मुंगीच्या पावलांनी, आणि तिला ढकलणारं बळ अगदी नगण्य. पेन्सिल कागदावर घासली की तेवढ्या घर्षणानंच ती अडकून बसणार. मग नोंद होईल ती हवेच्या दाबाची नाही, घर्षणाची. लॅबमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना हे दुःख माहीत आहे: उपकरण जे मोजायचंय ते सोडून स्वतःचेच दोष इमानदारीत मोजत बसतं.

इथे घड्याळजी लागतो. घर्षण कसं कमी करायचं आणि कसं सारखं ठेवायचं हा त्याचा रोजचा धंदा. कमिंगच्या घड्याळात नोंदीची तबकडी वर्षातून एकदा पूर्ण फिरते आणि दाबाची रेष त्या गोलावर उमटत जाते. एका नजरेत अख्खं वर्ष.

राजानं त्यासाठी १,१७८ पौंड मोजले. शिवाय ते नीट चालू ठेवण्यासाठी कमिंगला वर्षाला १५० पौंड ठरवून दिले. गुणाकार करून बघा: आठव्या वर्षी देखभालीचा खर्च मूळ किमतीच्या पुढे जातो. ‘स्वयंचलित’ यंत्राला किती माणूस लागतो, याचा हा हिशेब.

पुढच्याच वर्षी, १७६६मध्ये, कमिंगनं घड्याळांच्या कामाची मूलतत्त्वं सांगणारं पुस्तक छापलं. कारागिरांनी आपलं ज्ञान मुठीत धरून ठेवायचा तो काळ. त्यात हा माणूस ते लिहून काढत होता.

संडासाचं पेटंट

आता १७७५. फ्लशची कल्पना तेव्हा जवळपास दोनशे वर्षं जुनी होती. एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन यानं १५९६मध्येच पाण्यानं धुऊन निघणाऱ्या संडासाचं वर्णन छापलं होतं. पण तो सगळीकडे पसरला नाही. एक कारण उघड आहे: ना नळाचं पाणी, ना गटारं. दुसरं कारण वास. भांडं धुतलं गेलं तरी खालच्या खड्ड्याकडे जाणारी वाट उघडीच राहायची. नुसती झडप लावली तर ती घट्ट बसायला हवी, आणि घाणीत काम करणारी झडप कायम घट्ट बसत नाही.

कमिंगच्या रचनेत तीन गोष्टी होत्या. पहिली, भांड्यात नेहमी थोडं पाणी राहणार. दुसरी, भांड्याच्या तळाशी सरकणारी झडप. दांडा ओढला की झडप उघडणार आणि त्याच वेळी वरून पाणी सुटणार. तिसरी, झडपेच्या खाली ‘एस’ आकारात वळवलेली नळी. प्रत्येक वेळी सगळं वाहून गेलं की शेवटचं स्वच्छ पाणी त्या वळणात अडकून राहणार आणि खालच्या हवेची वाट बंद करणार.

बघा, इथे दोन बंदोबस्त आहेत. झडप हलते. वळणातलं पाणी काहीच करत नाही, नुसतं बसून असतं.

आता परत राजाच्या घड्याळातली ती यू नळी आठवा. वाकडी नळी, तिच्यात द्रव, दोन्ही बाजूंना हवा. दोन्हीकडचा दाब सारखा नसेल तर द्रव त्या फरकाइतका सरकतो आणि थांबतो. राजवाड्यात हा द्रव पारा आहे आणि त्याचं सरकणं आपल्याला हवंय. संडासात तो पाणी आहे आणि त्यानं शक्यतो सरकू नये असं आपल्याला वाटतं. भौतिकशास्त्र तेच. कमिंगला एकावरून दुसरं सुचलं असा दावा मी करत नाही. पण दहा-बारा वर्षं वाकड्या नळीतला पारा सांभाळणाऱ्या माणसाला वाकड्या नळीतल्या पाण्यावर भरवसा ठेवणं जड गेलं नसेल, एवढं म्हणता येतं.

कुणी विचारेल, वादळात हवेचा दाब खूप उतरतो, मग ट्रॅपमधलं पाणी उडून कसं जात नाही? कारण ट्रॅपची दोन्ही तोंडं शेवटी त्याच वातावरणात उघडतात. बाहेरचा दाब उतरला तर दोन्हीकडे सारखाच उतरतो. बॅरोमीटरचं एक टोक बंद असतं म्हणून त्याला वादळ कळतं. ट्रॅपला कळत नाही, आणि तेच बरं आहे. आजच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी पुरेसं धरतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो, म्हणजे हा अडसर जेमतेम ३.७ मिलिमीटर पाऱ्याइतका. एवढुशा अडसरावर अख्ख्या इमारतीची अब्रू टिकून असते!

तो मोडतो कधी? एक, घर महिनोन्‌महिने बंद राहिलं आणि पाणी वाळून गेलं की. गावाहून परत आल्यावर बाथरूममध्ये जो भपकारा येतो, तो याचमुळे. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो. दोन, एकदम खूप पाणी नळी भरून खाली गेलं की ते सायफनसारखं वळणातलं पाणीही ओढून नेतं. ‘एस’ आकाराचा हा मोठा दोष. म्हणून पुढे ‘पी’ आकाराचे ट्रॅप आले आणि हवेसाठी वेगळी नळी आली. जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवरून गच्चीच्या वर गेलेला, तोंडाला जाळी लावलेला पाईप बघितलाय ना? तो हवा आत घेण्यासाठी असतो, वळणातलं पाणी ओढलं जाऊ नये म्हणून.

टिकलं काय, गेलं काय

तीनच वर्षांत, १७७८मध्ये, जोसेफ ब्रामा नावाच्या सुतारकाम करणाऱ्या कारागिरानं सुधारित संडासाचं पेटंट घेतलं. तो आधी कमिंगच्या धर्तीचेच संडास बसवत होता आणि त्यांतली खोड त्याच्या लक्षात आली होती: सरकणारी झडप अडकायची, थंडीत गोठायची. ब्रामानं तिथे बिजागरीवर उघडणारी झडप लावली. धंदा त्याचा चालला, नाव त्याचं झालं. कमिंगनं जो भाग हलता ठेवला होता, नेमका तोच आधी बाद झाला.

वाकड्या नळीचाही लगेच जयजयकार झाला नाही. त्यानंतर कित्येक दशकं लंडनचे प्लंबर शिशाचा ‘डी’ आकाराचा ट्रॅप बसवत राहिले. त्याच्या कोपऱ्यांत घाण साचायची, तरीही. अखेर १९व्या शतकाच्या उत्तरार्धात साध्या गोल वळणानं बाजी मारली.

आणि या सगळ्याची एक काळी बाजूही आहे. लंडनमध्ये १८१५पर्यंत घरातली घाण गटारात सोडायला बंदी होती. गटारं पावसाच्या पाण्यासाठी होती. बंदी उठली, फ्लशचे संडास वाढले, आणि सगळं थेम्स नदीत जाऊ लागलं. त्याच नदीचं पाणी लोक पीत होते. वासानं रोग होतो असा तेव्हा समज होता, त्यामुळे वास अडवला म्हणजे रोग अडवला असं वाटायचं. कॉलरा पाण्यातून पसरतो हे १८५४मध्ये जॉन स्नो यानं दाखवलं. १८५८च्या उन्हाळ्यात नदीच इतकी सडली की संसदेला बसवेना, आणि मग मोठी गटारं बांधायला पैसे मंजूर झाले. कमिंगच्या नळीनं श्रीमंताच्या घरातला वास बंद केला, पण घाण तिथून पुढे कुठे जाते हा प्रश्न तिच्या आवाक्यातला नव्हता. आपल्या शहरांतल्या नद्यांकडे बघितलं, तर तो प्रश्न अजून सुटलेला नाही हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

उरलेला कमिंग

हा माणूस एका विषयावर थांबणारा नव्हता. १७७०मध्ये जॉन हिल यानं लाकडाच्या अंतर्रचनेवर पुस्तक छापलं. त्यासाठी लाकडाचे अतिशय पातळ काप घेणारं यंत्र वापरलं होतं, ते कमिंगच्या डोक्यातलं. आज जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्याला मायक्रोटोम म्हणतात, त्याचा हा पूर्वज. १७८३मध्ये एडिनबराची रॉयल सोसायटी स्थापन झाली, तेव्हा संस्थापक सदस्यांत त्याचं नाव होतं.

उतारवयात तो गाड्यांच्या चाकांमागे लागला. रस्ते खराब होऊ नयेत म्हणून रुंद चाकांच्या गाड्यांना कायद्यानं सवलत होती. गाडीवाल्यांनी रुंद चाकं केली, पण निमुळती, शंकूसारखी. कमिंगचं म्हणणं असं की अशी चाकं रस्ता दाबत नाहीत, घासून पीठ करतात. पटत नसेल तर चहाचा कागदी कप आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण मोठ्या तोंडाची बाजू एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. आता त्याच कपाला जबरदस्तीनं सरळ ढकला: कुठली तरी कड घासलीच पाहिजे. तीच कड रस्ता खाते आणि घोड्याचा घाम काढते. १७९७मध्ये यावर त्यानं निबंध छापला. पुन्हा घर्षणच, बघा.

१८१४मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल भागात तो वारला. तिथे त्याच्या नावाची एक गल्ली आहे.

राजाच्या घड्याळासारखंच एक त्यानं स्वतःसाठी केलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर ते ल्यूक हॉवर्ड यानं विकत घेतलं. क्युम्युलस, स्ट्रॅटस, सिरस ही ढगांची नावं आपण शाळेत पाठ केली ना, ती देणारा हाच हॉवर्ड. त्यानं त्या घड्याळावर वर्षानुवर्षं लंडनच्या हवेच्या दाबाच्या रेषा घेतल्या आणि १८४७मध्ये वीस वर्षांच्या नोंदी गोल आकृत्यांच्या रूपात छापल्या. आकृत्या गोल, कारण कमिंगची तबकडी गोल. राजाकडे जे दिमाखाचं होतं, ते एका औषधं बनवणाऱ्या हौशी अभ्यासकाकडे आल्यावर विज्ञानाचं साधन झालं.

लोक मला विचारतात, “मग संडासाचा शोध नक्की कुणी लावला?” बऱ्याच जणांनी थॉमस क्रॅपरचं नाव ऐकलेलं असतं. क्रॅपर जन्मला १८३६मध्ये, कमिंग जाऊन २२ वर्षं झाल्यावर. तेव्हा ते उत्तर तर बादच. पण त्या जागी कमिंगचं नाव घालूनही प्रश्न सुटत नाही, कारण फ्लश हॅरिंग्टनचा, चांगली झडप ब्रामाची, हवेची नळी आणखी कुणाची.

संशोधन करताना मला जास्त उपयोगी पडणारा प्रश्न वेगळा आहे: या वस्तूतला कुठला भाग टिकला, आणि का? कमिंगच्या बाबतीत उत्तर स्वच्छ आहे. ज्या घड्याळावर राजाचे १,१७८ पौंड खर्च झाले, त्याला जन्मभर एक कमिंग लागला. जी झडप त्यानं मेहनतीनं बसवली, ती तीन वर्षांत जुनी झाली. आणि हलत्या भागांवर उभं आयुष्य काढलेल्या या घड्याळजीची जी वस्तू अडीचशे वर्षांनी तुमच्या-माझ्या घरात रोज काम करते आहे, तिच्यात हलणारा भाग एकही नाही. तिला किल्ली द्यावी लागत नाही, तेल लागत नाही. अधूनमधून पाणी ओतलं की झालं.